मुलगी म्हणते, सायकॉलॉजी घेणार!

चांगले गुण मिळवलेली मुलगी मानसशास्त्राची पदवी घ्यायची म्हणते, तेव्हा घरात आधी हसू होते आणि मग काळजी सुरू होते. या पदवीत नेमके काय शिकवतात, काय शिकवत नाहीत आणि पुढची वाट किती लांबची आहे?

बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात शेजारच्या वहिनी उभ्या. हातात पेढ्यांचा पुडा, पण चेहरा कोमेजलेला. मागे त्यांची मुलगी, नजर जमिनीकडे लावून.

"८५ टक्के मिळाले गं," वहिनी म्हणाल्या, "पण बाईसाहेब म्हणतात, आर्ट्सला जाणार आणि सायकॉलॉजी घेणार. ह्यांनी कालपासून बोलणं टाकलंय. म्हणतात, वेड्यांची डॉक्टर होऊन काय मिळवणार? तू साप्ताहिकात लिहितेस, चार ठिकाणी फिरतेस. तूच समजाव तिला."

"हे शिकून डॉक्टर होत नाहीत," मुलगी पुटपुटली. "बाबांना एवढंसुद्धा माहीत नाही."

तिला देवापुढे पेढा ठेवायला आत पाठवले, तशा वहिनी हळू आवाजात बोलू लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला होता. आधी झोप उडाली. मग शेजारीपाजारी आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला वाटू लागले. पुढे जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. बाहेरची बाधा म्हणून अंगारे, गंडेदोरे आणि नवस यांत चार वर्षे गेली. त्यानंतर कोणीतरी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव सुचवले. आजाराचे नाव निघाले स्किझोफ्रेनिया. आता औषधे नियमित चालू आहेत, एका दुकानाचे हिशेबही तो सांभाळतो. पण पाहुण्यांसमोर त्याचा विषय निघत नाही.

"हिला वाटतं, आपण शिकू आणि मामाला बरं करू," वहिनी म्हणाल्या. "आणि मला भीती वाटते, हे शिकता शिकता हिच्याच डोक्यावर परिणाम झाला तर? उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील, हाच विषय का घेतला म्हणून. आणि शिकून पोट भरतं का, ते तर ह्यांनी विचारलंच आहे."

त्या संध्याकाळी माझ्याकडे या प्रश्नांची नीट उत्तरे नव्हती. पुढच्या काळात ती मी शोधत गेले आणि शेजारच्या घरात ती प्रत्यक्ष उलगडतानाही पाहिली. वहिनींनी नाव न देण्याच्या अटीवर हे लिहायला परवानगी दिली आहे.

मन वाचण्याची विद्या नव्हे

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून एक वाक्य ऐकावे लागते, "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" हात पाहून भविष्य सांगावे तसा चेहरा पाहून स्वभाव सांगण्याचा हा अभ्यास असावा, असा पुष्कळांचा समज असतो.

प्रत्यक्षात हा प्रयोगशाळेत वाढलेला विषय आहे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लायपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तिथून या शास्त्राच्या स्वतंत्र वाटचालीची सुरुवात मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. म्हणजे आपल्याकडेही या विषयाने शंभरी ओलांडली आहे. 'हे काय नवीन फॅड' म्हणून त्याला उडवून लावणे बरोबर नाही.

पदवीच्या वर्षांत साधारणपणे सामान्य मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, बाळपणापासून म्हातारपणापर्यंतच्या वाढीचे विकासात्मक मानसशास्त्र, मनोविकारांची ओळख करून देणारे अपसामान्य मानसशास्त्र, मानसशास्त्रीय कसोट्या, प्रयोग आणि सांख्यिकी हे विषय असतात. यातला शेवटचा शब्द नीट वाचावा. गणिताला कंटाळून कला शाखेत आलेल्या अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मध्यमान, प्रमाण विचलन आणि सहसंबंध समोर उभे राहिले की घाम फुटतो. गणित फार अवघड नसते. पण ते टाळून पुढे जाता येत नाही, कारण एका माणसावरून सगळ्या माणसांविषयी बोलायचे नाही, हा या शास्त्राचा पहिला धडाच मुळी आकड्यांतून शिकायचा असतो.

प्रयोगवहीतले मन

शेजारच्या मुलीने अखेर प्रवेश घेतला. बाबांचा रुसवा महिनाभर टिकला. मग एके दिवशी ती वही आणि घड्याळ घेऊन स्वयंपाकघरात आली आणि आईला म्हणाली, "आई, तू माझी प्रयुक्त हो." ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला या विषयात प्रयुक्त म्हणतात. वहिनींनी हातातली पोळी तव्यावरून उतरवली आणि निरर्थक अक्षरांची यादी पाठ करायला बसल्या.

अर्थ नसलेली अक्षरे पाठ करण्याचा हा प्रकार हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाचा. त्याने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होत जातो, हे त्याने मोजून दाखवले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली घोकंपट्टी का टिकत नाही आणि थोड्या थोड्या दिवसांनी केलेली उजळणी का टिकते, याचे उत्तर त्याच वाटेवर सापडते. वहिनींनी धाकट्या मुलाच्या अभ्यासाचे वेळापत्रक त्यानंतर बदलले, हे सांगायला हवे.

दुसरा एक प्रयोग तर प्रत्येक कुटुंबाने ऐकावा असा आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग विचारले, मोटारींचा वेग किती होता? काहींना विचारताना 'आदळल्या' अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरला, काहींना 'टेकल्या' अशा अर्थाचा सौम्य. फिल्म तीच, पण जोरकस शब्द ऐकलेल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल वेग सांगितला आणि सौम्य शब्द ऐकलेल्यांनी सुमारे ३२ मैल. अशाच आणखी एका प्रयोगात आठवड्यानंतर विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरीही जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती 'आठवली'.

सासू-सुनांमध्ये, भावाभावांमध्ये 'तू त्या दिवशी असंच म्हणाली होतीस' यावरून किती घरे दुभंगतात! दोघेही खरे बोलत असतील आणि तरी दोघांच्या आठवणी वेगळ्या असतील, हे एकदा कळले की माणूस जरा सबुरीने बोलू लागतो.

या शास्त्राचा मराठी मुलखाशीही जुना संबंध आहे. पॅरिसमध्ये १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने यांनी सहकाऱ्याबरोबर मुलांची बुद्धी मोजण्याची कसोटी तयार केली. पण पॅरिसच्या मुलांना विचारलेले प्रश्न आपल्या मुलांना कसे चालतील? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे ही कसोटी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. 'बिने-कामत कसोटी' हे नाव आजही मुलांच्या तपासणीच्या अहवालांत दिसते. परक्या भाषेतला प्रश्न नुसता भाषांतरित करून भागत नाही, तो आपल्या माणसांवर पुन्हा पारखून घ्यावा लागतो, हे विद्यार्थी त्यातून शिकतात.

शिकता शिकता घर दिसू लागते

आता वहिनींची भीती. हे शिकून डोक्यावर परिणाम होतो का?

विषय शिकल्याने मनोविकार जडत नाही. मात्र एक गंमतशीर टप्पा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांना जसा प्रत्येक नवा रोग आपल्यालाच झाल्यासारखा वाटतो, तसेच इथेही होते. मनोविकारांचे प्रकरण सुरू झाले की दर आठवड्याला नवे लक्षण स्वतःत सापडते. स्वतःत संपले की घरच्यांत सापडते. शेजारच्या मुलीने बाबांच्या वारंवार कुलूप तपासण्याला एक भारदस्त नाव देऊन टाकले, त्या दिवशी घरात पुन्हा अबोला झाला.

तिच्या प्राध्यापिकांनी तेव्हा वर्गात स्पष्ट सांगितले की, पुस्तकातले लक्षण घरच्या माणसाला चिकटवायचे नाही आणि नात्यातल्या माणसावर उपचार करायला बसायचे नाही. आपल्या माणसाकडे आपण तटस्थपणे पाहू शकत नाही. शिवाय नुसती पदवी शिकणाऱ्याला तो अधिकारही नाही.

मामाला बरे करायला निघालेल्या मुलीला हे ऐकून वाईट वाटले असणार. पण त्याच वर्षी त्याच पुस्तकात तिला दुसरे काहीतरी मिळाले.

मामाच्या आजारपणाचे खापर आजी इतकी वर्षे मनातल्या मनात स्वतःवर फोडत होती. पहिल्या वर्षी मुलगा नापास झाला, तेव्हा ती त्याला फार बोलली होती. 'माझ्या जिभेनेच माझ्या पोराचं डोकं फिरलं,' असे तिने धरून ठेवले होते. हे तिने फक्त नातीला सांगितले होते.

गंमत अशी की, एके काळी शास्त्रही असेच म्हणत होते. फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९४८ मध्ये या आजाराचे मूळ आईच्या वागण्यात शोधणारी कल्पना मांडली आणि पुढे कितीतरी आयांना तो दोष पत्करावा लागला. नंतरच्या संशोधनाने ही कल्पना मोडीत काढली. लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांपासून जन्मताच दूर गेलेली आणि दुसरीकडे वाढलेली ४७ मुले मोठेपणी तपासली. त्यांतल्या ५ जणांना हा आजार झाला होता. तुलनेसाठी घेतलेल्या, आयांना हा आजार नसलेल्या ५० जणांत एकालाही तो नव्हता. म्हणजे जिच्या हाताखाली मूल वाढलेच नाही तिच्या रागावण्याला दोष कसा देणार? आनुवंशिकता, मेंदूतली प्रक्रिया आणि परिस्थिती यांच्या गुंतागुंतीतून हा आजार होतो, असे आज मानले जाते. एका दिवशीच्या बोलण्याने तो होत नाही.

नातीने हे सगळे आजीच्या शेजारी बसून तिला समजेल अशा भाषेत सांगितले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय ना हे? मग परत एकदा वाचून दाखव."

आनुवंशिकतेचा उल्लेख वाचून काही आयांच्या काळजात धस्स होईल. तसे वहिनींच्याही झाले. जवळच्या नात्यात हा आजार असला तर धोका इतरांपेक्षा थोडा वाढतो, हे खरे. पण मामाला तो झाला म्हणून भाचीला होणारच, असे मुळीच नाही. बहुसंख्य भाचे-भाच्यांना तो कधीच होत नाही.

पदवी म्हणजे परवाना नव्हे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बी. ए. किंवा बी. एस्सी. झाले की पाटी लावून समुपदेशन सुरू करावे, असे अनेकांना वाटते आणि काही जण तसे करतातही. हे धोक्याचे आहे. ही पदवी म्हणजे घराचा पाया. त्यावर अजून भिंती उभ्या राहायच्या असतात.

तीन वेगळी माणसे लक्षात ठेवावीत. मानसोपचारतज्ज्ञ हा एम. बी. बी. एस. नंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो आणि औषधे तो देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्याला सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, तो कसोट्या आणि मानसोपचार करतो. समुपदेशक हा अभ्यास, करिअर, लग्न, व्यसन अशा प्रश्नांवर प्रशिक्षण घेऊन मदत करतो.

यांपैकी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखाली दोन वर्षांचे एम. फिल., अशी ही वाट वर्षानुवर्षे चालत आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवीच बंद करायचे ठरवल्यामुळे त्या जागी नव्या अभ्यासक्रमांची रचना होते आहे. इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झाला आहे.

आणखी एक बदल गृहिणींनी आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. त्यामुळे 'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्यापूर्वी दहादा विचार करावा.

पोटापाण्याचे काय?

नुसत्या पदवीवर मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, असे सांगणे फसवणुकीचे होईल. पदवीनंतर सामाजिक संस्था, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन, विशेष मुलांच्या शाळा अशा ठिकाणी सुरुवात करता येते. शाळेत समुपदेशक व्हायचे तर बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी किंवा समुपदेशनाची पदविका मागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीतही मानसशास्त्रीय कसोट्या असतात.

गरज मात्र प्रचंड आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, वेगवेगळ्या मनोविकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ आहे. म्हणजे वहिनींच्या भावासारखी चार वर्षे कितीतरी घरांत आजही वाया जात आहेत. आपल्याकडे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आणि ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून काम करते आहे. अशा ठिकाणी जाऊन काम कसे चालते हे पाहिले, तर मुलामुलींना आपली आवड खरी की वरवरची, ते लवकर कळते.

प्रवेश घेण्यापूर्वी

• मुलीला किंवा मुलाला 'हाच विषय का?' असे शांतपणे विचारा. स्वतःचे किंवा घरचे दुःख सोडवणे हे एकच कारण असेल, तर त्यासाठी आधी तज्ज्ञांची मदत घ्या. शिक्षण हा उपचार नव्हे.

• महाविद्यालयात प्रयोगशाळा आहे का, कसोट्यांचे साहित्य आहे का, प्रयोग प्रत्यक्ष करवून घेतात की वहीत उतरवून घेतात, हे जाऊन पाहा.

• महाराष्ट्रातल्या अनेक कला महाविद्यालयांत मराठीतून उत्तरे लिहिता येतात. पण पुढचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून असते, तेव्हा इंग्रजी वाचनाची सवय पहिल्या वर्षापासून ठेवा.

• उपचाराच्या क्षेत्रात जायचे असेल, तर पदवीनंतर किमान चार वर्षांची तयारी धरून पैशांचे नियोजन करा. पुढच्या अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः तपासा.

• घरात कोणाला आज मदत हवी असेल, तर मुलीची पदवी पूर्ण होण्याची वाट पाहू नका. सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येते.

नाव पुन्हा निघू लागले

शेजारची मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. मामाला तिने बरे केलेले नाही. मामाची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत आणि ती मध्येच बंद करायची नाहीत, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. 'मनावर घेतलं की सगळं बरं होतं' असे त्याला कोणी ऐकवत नाही.

गेल्या भाऊबीजेला वहिनींनी भावाला आपल्या घरी बोलावले. इतर पाहुणे असताना तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आला होता. थोडा वेळ बसला, ओवाळून घेतले, भाचीच्या हातात पाकीट ठेवले आणि दमल्यासारखे वाटू लागले तसा आतल्या खोलीत जाऊन पडला. कोणी काही विचारले नाही.

मीही तिथे होते. फराळ करता करता एका दूरच्या नातेवाइकांनी मुलीच्या वडिलांना विचारले, "काय हो, लेक वेड्यांची डॉक्टर होणार म्हणे?"

त्यांनी चकलीचा तुकडा बशीत ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर नाही हो. आधी एम. ए., मग रुग्णालयातलं प्रशिक्षण, मग नोंदणी. बसा जरा, नीट समजावून सांगतो."